वॉर्ड, पार्षद आणि प्रचार: इंदूरच्या मराठी मतदारांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

महाराष्ट्रात ज्यांना नगरसेवक म्हणतात, त्यांना आपल्याकडे पार्षद म्हणतात. इंदूर नगर निगमचे, म्हणजे आपल्या महानगरपालिकेचे, ८५ वॉर्ड आहेत. मागची निवडणूक ६ जुलै २०२२ ला झाली आणि परिषदेची मुदत पाच वर्षांची, म्हणजे पुढची पाळी २०२७ ची. राजेंद्रनगर, सुदामानगर, लोकमान्यनगर, रामबाग अशा वस्त्यांत वर्षभर जे विचारलं जातं ते इथे एकत्र केलं आहे. काही मतदारांसाठी आहे, काही प्रचाराला उतरणाऱ्या कार्यकर्त्यांसाठी आणि थोडं उभं राहू पाहणाऱ्यांसाठी.

पार्षदाच्या हातात नेमकं काय असतं?

नर्मदेच्या पाण्याची लाइन, ड्रेनेज, कॉलनीतले रस्ते, रस्त्यावरचे दिवे, बगीचे, झाडझूड आणि कचरागाडी. वीज गेली तर ते काम वीज कंपनीचं, त्यासाठी १९१२. पोलीस, सरकारी शाळा आणि विकास प्राधिकरणाच्या ज्या योजना अजून निगमकडे सोपवलेल्या नाहीत, त्यांत पार्षद फक्त शब्द टाकू शकतात.

निगमच्या कामातही ते स्वतः बिल काढत नाहीत. झोनचे, म्हणजे निगमच्या विभागीय कार्यालयाचे, उपयंत्री (सब-इंजिनिअर) एस्टिमेट करतात, फाइल वर जाते, टेंडर निघतं, मग वर्क ऑर्डर. अंमलबजावणी आयुक्तांकडे आणि मोठे निर्णय महापौर परिषदेकडे (महापौर आणि त्यांनी निवडलेले काही पार्षद) असतात. पार्षदांकडे तीन गोष्टी उरतात: कामाचा लेखी प्रस्ताव, निगमच्या परिषदेत, म्हणजे सगळ्या पार्षदांच्या सभेत, लावलेला प्रश्न आणि पाठपुरावा. ऐकायला हे किरकोळ वाटतं. पण जो पार्षद या तिन्ही गोष्टी नेमाने करतो, त्याच्या वॉर्डात फरक दिसतो.

आमचे पार्षद विरोधी पक्षाचे आहेत. कामं होतील का?

२०२२ मध्ये भाजपचे ६४, काँग्रेसचे १९ आणि अन्य २ निवडून आले. म्हणजे हा प्रश्न बऱ्याच वॉर्डांना लागू आहे. दुरुस्तीची कामं, जसं तुंबलेलं चेंबर, बंद दिवा, फुटलेली लाइन, ही झोनवरून होतात. त्यांना पक्षाची आडकाठी सहसा येत नाही आणि येऊही देऊ नये. नवीन रस्ता किंवा नवीन लाइन महापौर परिषदेतून जाते, तिथे वेळ लागतो. अशा कामाचं निवेदन एकट्या पार्षदाला देऊ नका. पार्षद, आमदार आणि आयुक्त या तिघांना एकाच तारखेचं, एकाच मजकुराचं निवेदन द्या आणि प्रत्येकाकडून पोच घ्या.

एखाद्या प्रश्नावर आपल्या पार्षदांचं मत काय आहे ते कसं कळणार? भाषणात सगळेच चांगलं बोलतात.

त्यांच्या सहीच्या कागदांवरून. आमच्या मते या पानावरचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच आहे. गल्लीतल्या अतिक्रमणाविरुद्ध माइकवर बोलणं सोपं असतं. त्याविरुद्ध झोनला पत्र दिलं का, परिषदेत प्रश्न लावला का, ते नोंदीत राहतं आणि नोंद कुणालाही मागता येते.

माहितीच्या अधिकारात अर्जाचं शुल्क १० रुपये आहे, दारिद्र्यरेषेखालच्यांना माफ, उत्तराची मुदत ३० दिवस. अर्ज हिंदीत किंवा इंग्रजीत लिहा. कायद्यात या दोन भाषा आणि त्या प्रदेशाची राजभाषा एवढंच आहे, त्यामुळे इथे मराठीतला अर्ज परत येऊ शकतो. चार गोष्टी मागा: परिषदेच्या बैठकांतली आपल्या पार्षदांची हजेरी, त्यांनी दिलेले लेखी प्रश्न आणि त्यांची उत्तरं, वॉर्डासाठी त्यांनी सुचवलेल्या कामांची यादी, आणि त्यातल्या किती कामांची वर्क ऑर्डर निघाली. प्रत्येक मागणीत वॉर्ड क्रमांक आणि ‘अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत’ हवंच.

अर्ज बहुतेक एकाच कारणाने फुकट जातात. लोक विचारतात, ‘आमच्या वॉर्डात काम का होत नाही?’ का आणि कसं याची उत्तरं या कायद्यात मिळत नाहीत, कारण कायदा असलेला कागद दाखवायला लावतो, नसलेला लिहायला लावत नाही. म्हणून ‘छायाप्रती द्याव्यात’ असा शेवट होईल अशीच वाक्यं लिहा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील करा. तिथे कंटाळा केला तर सगळी मेहनत वाया जाते.

एक सांगायला हवं. कागद कोरे निघाले तर ते घेऊन आधी पार्षदांनाच भेटा. पुष्कळदा पार्षदांनी काम तोंडी सांगितलेलं असतं, फोनवर करूनही घेतलेलं असतं, फक्त लिहिलेलं नसतं. त्यांना लिहायची सवय लागली तर वॉर्डाचंच भलं आहे.

नळाला गढूळ, वास येणारं पाणी येतं. पार्षदांना काय सांगायचं?

‘पाणी खराब येतं’ एवढं सांगून काही होत नाही. टँकर येतो, दोन दिवस जातात आणि पुन्हा तेच. दोष कुठे आहे ते आधी शक्य तितकं ठरवा.

नळ आल्याबरोबर काचेच्या ग्लासात एक नमुना घ्या, दहा मिनिटांनी दुसरा, पाणी जाण्याच्या बेताला तिसरा. तिन्ही ग्लास पांढऱ्या कागदासमोर ठेवून फोटो काढा. पहिलाच गढूळ आणि पुढचे दोन स्वच्छ असतील, तर रिकाम्या लाइनमध्ये साचलेला गाळ असावा किंवा तुमच्या स्वतःच्या जोडणीत गळती असावी. तिन्ही गढूळ असतील आणि सांडपाण्याचा वास असेल, तर दोष मुख्य लाइनमध्ये आहे असं धरून चाला. मग शेजारच्या दोन्ही बाजूंच्या तीन-तीन घरांत हेच करा आणि कुठल्या घरापासून पाणी बिघडतं ते कागदावर मांडा. कुठे खोदायचं ते उपयंत्र्याला या कागदावरून कळतं.

असं का होतं, तेही समजून घ्या. आपलं पाणी नर्मदेकाठच्या जलूदहून, सुमारे ७० किलोमीटरवरून, चढावर पंप करत येतं आणि बहुतेक भागांत एक दिवसाआड सुटतं. मधल्या काळात लाइन रिकामी असते. पाणी भरलेलं असताना लाइनमधला दाब गळतीतून पाणी बाहेर ढकलतो. लाइन रिकामी झाली की त्याच भोकातून बाहेरचं आत येतं. त्यात कुणी नळाला थेट मोटर लावली की लाइन अक्षरशः चोखली जाते आणि त्या गल्लीतलं शेवटचं घर भोगतं. मोटर लावायचीच असेल तर हौदात पाणी पडू द्यावं आणि तिथून वर चढवावं.

जुन्या वस्त्यांत नळाच्या जोडण्या ड्रेनेजच्या चेंबरमधून गेलेल्या आढळतात. झाकण उचललं की काळ्या पाण्यात अर्ध्या इंची लोखंडी पाइप आडवा दिसतो, गंजून पापुद्रे सुटलेला, एखाद्या ठिकाणी सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळून वर तार आवळलेली. असं चेंबर सापडलं तर त्याचा फोटो, घर क्रमांक आणि तारीख, एवढं पार्षदांकडे पोचवा. मागणी एकच ठेवा: हा पाइप चेंबरबाहेरून फिरवा आणि काम होईपर्यंत या गल्लीच्या पाण्यातल्या क्लोरिनची रोज तपासणी करा. नळाच्या टोकाला लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरिन उरलेलं असावं, असं भारतीय मानक सांगतं. ते शून्य आलं तर वाटेत काहीतरी मिसळतं आहे असा संशय घ्यायला हवा, मग पाणी दिसायला कितीही स्वच्छ असो.

तोवर पाणी खळखळून उकळवा आणि उकळी फुटल्यावर किमान एक मिनिट राहू द्या. एका गल्लीत दोन-तीन घरांत जुलाब सुरू झाले तर पार्षदांची वाट पाहू नका. आधी ओआरएस आणि डॉक्टर, त्याच तासाला झोन आणि आरोग्य विभाग. हा राजकारणाचा विषय नाही, याने माणसं दगावतात.

नवीन सिमेंट रस्ता झाला आणि पाणी घरात शिरायला लागलं. कुणाची चूक?

जुना रस्ता न खरवडता त्यावर नवीन थर टाकला की रस्ता उंचावतो. रस्ता चार बोटं वर आला की तुमचा उंबरठा चार बोटं खाली गेला. काम झाल्यावर यावर इलाज फार कमी उरतात, म्हणून जे करायचं ते आधी. काम सुरू होण्याच्या आदल्या दिवशी ओट्यापासून रस्त्यापर्यंतची उंची टेपने मोजा, टेप दिसेल असा फोटो काढा आणि ‘जुना थर काढूनच नवीन टाकावा’ असं पत्र सगळ्या घरांच्या सह्यांनी द्या.

क्रम असा हवा: आधी ड्रेनेज, मग नर्मदेची लाइन, मग पावसाळी पाण्याची नाली, केबलसाठी पाइप आणि शेवटी रस्ता. पार्षद भूमिपूजनाला आले की एवढंच विचारा, ‘खालची लाइन बदलली का?’ नसेल, तर वर्षभरात तोच रस्ता पुन्हा फोडला जाण्याची दाट शक्यता. वर्क ऑर्डरचा क्रमांकही त्याच वेळी विचारा. नारळ फुटतो आणि वर्क ऑर्डर निघायची असते, असंही घडतं.

काँक्रीट टाकल्यावर दोन आठवडे ते ओलं राहायला हवं, पोती अंथरून किंवा मातीचे बांध घालून पाणी साठवून. सकाळ-संध्याकाळ टँकर येतो का ते गल्लीतल्या एखाद्या निवृत्त काकांनी वहीत टिपलं तर ठेकेदारही जागा राहतो. चेंबरची झाकणं रस्त्याच्या पातळीला आणून बसवली आहेत की काँक्रीटखाली गाडली आहेत, तेही तेव्हाच बघा. ठेक्यात रस्त्याच्या दोषाची जबाबदारी किती काळ ठेकेदाराची, ते लिहिलेलं असतं. त्याची प्रत मागून ठेवा.

निगमच्या ३११ या तक्रारींच्या ॲपवर तक्रार ‘निराकृत’ (सुटली) दाखवते, काम झालेलं नसतं. मग?

तक्रार बंद झाल्याचा स्क्रीनशॉट आणि त्याच दिवशीचा जागेचा फोटो, दोन्ही जोडून पुन्हा तक्रार टाका आणि जुना क्रमांक लिहा. तरीही काही हललं नाही तर १८१ वर सीएम हेल्पलाइन. तिथे तक्रार खालच्या अधिकाऱ्यापासून टप्प्याटप्प्याने वर चढते. मधेच फोन येतो, ‘काम करून देतो, तक्रार बंद करा.’ काम डोळ्यांनी पाहिल्याशिवाय होकार देऊ नका. एकदा तुमच्या संमतीने तक्रार बंद झाली की ती पुन्हा उघडायला फार खटपट पडते.

एका तक्रारीत एकच प्रश्न लिहा. दिवा, कुत्री आणि चेंबर एकत्र लिहिलं की दिवा लागतो आणि पूर्ण तक्रार बंद होते.

शहर स्वच्छतेत पुढे आहे, मग कचऱ्याबद्दल पार्षदांना काय विचारायचं?

२०१७ पासून इंदूरने स्वच्छतेत नाव राखलं, ते घराघरांत वेगळा होणाऱ्या कचऱ्याच्या जिवावर. देवगुराडियाचा बायो-सीएनजी प्रकल्प रोज ५५० टन ओला कचरा घेऊ शकेल असा बांधलेला आहे. त्यात प्लास्टिक गेलं तर तो अडतो. पार्षदांना दोनच गोष्टी विचारा: गाडीची ठरलेली वेळ कोणती, आणि गाडी न आल्यास दरोग्याचा (वॉर्डाच्या सफाईवर देखरेख करणाऱ्याचा) फोन कोणता. बाकी काम आपलं आहे.

‘सगळी भटकी कुत्री उचलून नेऊ’ असं आश्वासन मिळालं तर?

विश्वास ठेवू नका. २०२३ च्या नियमांप्रमाणे नसबंदी आणि लसीकरण करून कुत्रं त्याच भागात सोडायचं असतं. रेबीजचा संशय असलेली किंवा आक्रमक कुत्री हा अपवाद. वॉर्डात नसबंदीची फेरी कोणत्या महिन्यात आणि कुठल्या गल्ल्यांत झाली, हा प्रश्न पार्षदांना विचारण्यासारखा आहे.

आमच्या वॉर्डात बाई निवडून आल्या, पण फोन त्यांचे यजमान उचलतात. चालवून घ्यायचं का?

नाही. ‘पार्षदपती’ असं कुठलंही पद कायद्यात नाही. मध्य प्रदेशात निम्म्या जागा महिलांसाठी राखीव आहेत, त्या महिलांनी बसावं म्हणून. निवेदन ताईंच्या नावे लिहा, त्यांच्याच हातात द्या, पोचेवर त्यांचीच सही घ्या. बैठकीला ‘ताई स्वतः येणार असतील तरच ठेवू’ असं स्पष्ट सांगा. सुरुवातीला बोलताना अडखळणाऱ्या बाई दुसऱ्या वर्षी झोन अधिकाऱ्याला आकडे विचारतात, पण वॉर्डाने त्यांच्याशीच बोलायचा आग्रह धरला तर. सुमित्राताई महाजनांची सुरुवात निगमच्या राजकारणातूनच झाली आणि १९८९ पासून आठ वेळा इंदूरने त्यांना लोकसभेत पाठवलं, हे आपल्या घरांना वेगळं सांगायला नको.

निगमच्या निवडणुकीत पक्ष बघायचा की माणूस?

मतं दोन असतात, एक महापौरासाठी आणि एक पार्षदासाठी, आणि दोन्हींत ‘यांपैकी कुणीही नाही’ हा पर्याय असतो. महापौर संपूर्ण शहराचं धोरण ठरवतात, तिथे पक्षाचा जाहीरनामा बघणं रास्त आहे. पार्षदाच्या मतात आम्ही माणसाला झुकतं माप देऊ. चेंबर तुंबलं की पक्षाचं कार्यालय येत नाही, पार्षद येतात. दोन मतं दोन वेगळ्या पक्षांना देण्याला काही अडचण नाही. पुष्कळ वयस्कर मतदारांना हे माहीत नसतं, कार्यकर्त्यांनी ते प्रामाणिकपणे सांगावं.

घरोघर प्रचार करायचा तर किती माणसं लागतात?

हिशोब मांडूनच उतरावं. २०२२ मध्ये शहरात १८ लाखांवर मतदार होते, म्हणजे वॉर्डामागे सरासरी एकवीस-बावीस हजार. घरामागे चार मतदार धरले तर साडेपाच हजार घरं. तेव्हा २२ जूनला अर्ज मागे घेण्याची मुदत संपली आणि ६ जुलैला मतदान. शेवटचे दोन दिवस जाहीर प्रचार बंद, म्हणजे हातात जेमतेम बारा दिवस.

उमेदवार एका घरी तीन मिनिटं थांबला आणि रोज पाच तास फिरला तर दिवसाला शंभर घरं. बारा दिवसांत बाराशे. उरलेल्या चार हजार तीनशे घरांत उमेदवार जाऊच शकत नाही. ती घरं कार्यकर्त्यांच्या जोड्यांची. एक जोडी संध्याकाळी सहा ते नऊमध्ये चाळीस घरं नीट करते. बारा जोड्या बारा संध्याकाळी फिरल्या तर ५७६० घरं होतात, म्हणजे संपूर्ण वॉर्ड एकदा होतो. पाऊस आला की दोन-तीन संध्याकाळी बुडतात, जुलै लक्षात घेता चौदा-पंधरा जोड्या धरा.

जोडीत एक बाई असावीच. दार उघडतं, बोलणं उंबरठ्यावरच संपत नाही. हातात बूथची मतदार यादी आणि तीन खुणा: सोबत, विरोधात, ठरलेलं नाही. चौथा रकाना सगळ्यात मोलाचा, ‘या घराची अडचण’. तिथे ‘दिवा बंद, खांब क्र. अमुक’ असं लिहून आणलं आणि रात्री नऊला सगळ्या जोड्यांनी ते एका वहीत उतरवलं की बारा दिवसांत वॉर्डाचा खरा जाहीरनामा तयार होतो. नंतर पाच वर्षं तीच वही उपयोगी पडते. हरलेल्या उमेदवारालाही.

हमखास चुका तीन. जोड्या स्वतःच्या ओळखीच्या गल्ल्यांतच चहा पीत बसतात आणि बहुमजली इमारती राहून जातात. उमेदवार ढोल-ताशासह वीस माणसं घेऊन दारात जातो, घरातला माणूस हात जोडतो आणि कुणी काहीच बोलत नाही, कारण वीस जणांसमोर कोण आपलं रडगाणं सांगणार? आणि तिसरी, दुपारी दोन ते चारमध्ये बेल वाजवणं. वामकुक्षी मोडलेल्या आजोबांचं मत गेलंच समजा.

पत्रक मराठीत छापावं का?

एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला हिंदी. आपल्या घरांत तरुण पिढी बोलते मराठी पण वाचते हिंदी सराईतपणे. मराठी मजकूर मराठी माणसाकडूनच लिहून घ्या. हिंदीवरून उतरवलेली मराठी पहिल्या ओळीत ओळखू येते आणि ती वाचून माणूस सुखावण्याऐवजी दुखावतो. मजकुरात वॉर्डाची पाच कामं, जागेच्या नावासह. पत्रकावर छापणाऱ्याचं आणि प्रकाशकाचं नाव-पत्ता असायलाच हवा, नसेल तर तो गुन्हा होतो.

खर्च, बॅनर आणि भोंग्याचे नियम कोणते?

२०२२ मध्ये दहा लाखांहून जास्त लोकसंख्येच्या निगममध्ये पार्षदपदाच्या उमेदवाराला ८ लाख ७५ हजार रुपयांची मर्यादा होती. पुढच्या वेळी राज्य निवडणूक आयोगाचा आदेश बघून घ्या. निवडणुकीसाठी वेगळं बँक खातं उघडा आणि रोजचा हिशोब रोज लिहा. पोहे-चहा, रिक्षा, मंडपाच्या खुर्च्या हे सगळं त्यात येतं. निकालानंतर ३० दिवसांत हिशोब द्यावा लागतो. हरलेले उमेदवार इथेच गाफील राहतात आणि पुढच्या निवडणुकीसाठी अपात्र ठरतात.

दुसऱ्याच्या भिंतीवर लिहिणं, पोस्टर चिकटवणं १९९४ च्या संपत्ती विरूपण कायद्याखाली गुन्हा आहे. मालकाची लेखी परवानगी आधी घ्या. भोंगा रात्री १० ते सकाळी ६ बंद. मतदानाच्या दिवशी केंद्रापासून १०० मीटरच्या आत प्रचार नको, चिन्ह असलेली टोपी किंवा उपरणंही नको.

आचारसंहितेत उमेदवाराच्या घरी हळदीकुंकू ठेवलं तर? गणेश मंडळाला वर्गणी दिली तर?

हळदीकुंकू ठेवायला बंदी नाही, वाण आडवं येतं. मतदार बायकांना उमेदवाराकडून स्टीलचा डबा गेला की ती भेटवस्तू ठरते आणि तक्रार होऊ शकते. आचारसंहिता संपेपर्यंत वाण टाळावं. मंडळाची वर्गणी, देवळाला घंटा, कॉलनीला बाक, सगळ्यांना हाच नियम. मंदिरात किंवा मांडवात आरतीला जावं, तिथे मत मागू नये.

मंडळांनाही विनंती आहे. उमेदवाराकडून मोठी देणगी घेतली की पुढची पाच वर्षं त्याला प्रश्न विचारताना जीभ अडखळते.

विधानसभेच्या यादीत नाव आहे. निगमसाठी वेगळं काही करावं लागतं का?

हो, तपासावं लागतं. निगमची यादी राज्य निवडणूक आयोग वॉर्डवार वेगळी करतो. ती विधानसभेच्या यादीवरूनच बनते, पण वॉर्डांची विभागणी करताना रस्त्याच्या एका बाजूची घरं शेजारच्या वॉर्डात पडतात, नवरा एका वॉर्डात आणि बायको दुसऱ्यात असंही होतं. प्रारूप यादी लागते तेव्हा दावे-हरकतींसाठी थोडेच दिवस मिळतात, तेवढ्यात नाव बघा. मतदानाच्या दिवशी केंद्रावर भांडून उपयोग नसतो. २०२५ च्या शेवटी सुरू झालेल्या विशेष सखोल पुनरीक्षणानंतर (मतदार यादीच्या घरोघर फेरतपासणीनंतर, म्हणजे एसआयआरनंतर) विधानसभेच्या यादीतलं नावही पुन्हा बघून घ्या. मुलं पुण्याला किंवा बंगळुरूला नोकरीला गेलेल्या घरांनी तर नक्कीच. नाव जोडायला फॉर्म ६, पत्ता किंवा दुरुस्तीसाठी फॉर्म ८.

मराठी समाजाने ठरवून एकालाच मत द्यावं का?

आमचं मत: नको. एखाद्या पक्षाला आपली मतं खिशात असल्याचं वाटलं की तो पक्ष आपल्या गल्लीत येत नाही, आणि दुसरा येऊन उपयोग नाही म्हणून येत नाही. एकत्र येऊन प्रश्न मात्र जरूर ठरवावेत. कृष्णमुरारी मोघ्यांसारखे मराठी महापौर या शहराने पाहिले आहेत. मराठी आडनावाचा उमेदवार आपुलकीचा वाटणं साहजिक आहे, पण शेजारच्या मालवी, सिंधी किंवा मुस्लिम घराचा नळ आणि आपला नळ एकाच लाइनवर असतात.

सगळ्या उमेदवारांना एकत्र बोलावून प्रश्न विचारायचे आहेत. कसं जमवावं?

अर्ज मागे घेण्याची मुदत संपली की तिसऱ्या-चौथ्या दिवशी ठेवा. त्याआधी बंडखोर नक्की नसतात, नंतर उमेदवारांना वेळ नसतो. सभेची परवानगी काढा. जागा धार्मिक नको, कॉलनीचा हॉल बरा. निमंत्रण सर्व उमेदवारांना, अपक्षांनाही, एकाच दिवशी लेखी.

एकूण दीड तास. प्रश्न पाचच, आधीच लिहून पाठवलेले, सगळ्यांना तेच. प्रत्येकाला प्रश्नामागे दोन मिनिटं, हातात घड्याळ घेतलेला माणूस कुठल्याच पक्षाचा नसावा, शाळेतून निवृत्त झालेल्या बाई हे काम उत्तम करतात. प्रश्न ‘पाण्यासाठी काय कराल?’ असा ठेवलात तर भाषण मिळेल. ‘गल्ली क्रमांक ३ ची लाइन ड्रेनेजच्या चेंबरमधून जाते, ती बदलायचा प्रस्ताव पहिल्या सहा महिन्यांत द्याल का?’ याला हो किंवा नाही म्हणावं लागतं. उत्तरं एका कागदावर लिहून खाली उमेदवाराची सही घ्या आणि तो कागद हॉलच्या फळ्यावर लावा. सही द्यायला नकार दिला तर तेही लिहा, त्यावर शेरा मारू नका.

टाळ्या आणि घोषणा सुरू झाल्या की सभा हातची गेली. समर्थक किती आणायचे ते आधी ठरवून द्या, उमेदवारामागे दहा पुरे.

स्वतः उभं राहायचं असेल तर?

वय किमान २१, महापौरासाठी २५. निगमच्या मतदार यादीत नाव हवं. मालमत्ता कर आणि पाणीपट्टी भरून थकबाकी नसल्याचा दाखला आधीच काढा, शेवटच्या दिवशी झोनवर रांग असते. २०२२ मध्ये अनामत ५,००० रुपये होती, महिला आणि राखीव गटांना निम्मी. शपथपत्रातला एकही रकाना रिकामा सोडू नका, लागू नसेल तिथे ‘निरंक’ लिहा. छाननीत अर्ज बाद होण्याचं हे नेहमीचं कारण असतं.

निवडून आल्यावर पार्षदांनी पक्ष बदलला तर सदस्यत्व जातं का?

संविधानाची दहावी अनुसूची संसद आणि विधिमंडळांना लागू आहे, नगर निकायांना नाही. महाराष्ट्रात नगरसेवकांसाठी १९८६ चा वेगळा कायदा आहे, त्यामुळे पुण्या-मुंबईच्या नातेवाइकांकडून ऐकलेलं इथे जसंच्या तसं धरू नका. पार्षदांनी पक्ष बदलला तरी सभेत सही केलेला तुमचा कागद बदलत नाही. तो घेऊन त्यांच्या नवीन कार्यालयात जा.